तिमिंगिलदर्शन

खानदेशातील माणसाने देवमाशावर बोलावे, हे ऐकून कोणास हसू आले तर त्यात नवल नाही. आमच्या जळगाव-धुळ्याकडे पाणी म्हटले की तापी, गिरणा आणि पांझरा एवढीच नावे ओठांवर येतात. समुद्र आम्हांस दूर, आणि समुद्रातील प्राणी तर त्याहून दूर. परंतु हल्ली याच दोन जिल्ह्यांतील तरुण मुले-मुली पाठीवर एक पिशवी टाकून श्रीलंकेत, न्यूझीलंडात, नॉर्वेत जातात, धर्मशाळेसारख्या स्वस्त खोल्यांतून उतरतात, आणि पहाटेच्या अंधारात नावेत बसून तासन् तास एकाच गोष्टीची वाट पाहतात. देवमाशाने पाण्यावर यावे, एक दीर्घ उच्छ्वास टाकावा, शेपटी दाखवावी आणि पुन्हा खोल जावे. घरची वडील मंडळी विचारतात, "एवढा पैसा खर्चून मासा पाहावयास जाता?" हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर इतिहासात शोधावे, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू.

प्रथम शब्दाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपण 'देवमासा' म्हणतो खरे, पण हा प्राणी मासा नव्हे. तो फुप्फुसांनी श्वास घेतो, पिलांना जन्म देतो आणि दूध पाजतो. निळा देवमासा सुमारे शंभर फूट लांबीपर्यंत वाढतो. पृथ्वीवर आजवर जन्मलेल्या ज्ञात प्राण्यांत इतका भारी दुसरा नाही. श्वासासाठी त्याला पाण्यावर यावेच लागते, आणि म्हणूनच तो मनुष्याच्या दृष्टीस पडतो. त्याच्या जीवनाची ही एक गरज हीच त्याच्या आणि आपल्या भेटीची जागा होय. या जागेवर मनुष्य कधी भयाने उभा राहिला, कधी लोभाने, आणि फार उशिरा कुतूहलाने. या तिन्ही अवस्थांचा वृत्तांत आपण क्रमाने पाहू.

भयाची एक जुनी नोंद आपल्या देशाच्या वेशीवरची आहे. इसवी सनापूर्वी ३२५ मध्ये अलेक्झांडरचा सेनापती निआर्कस सिंधू नदीच्या मुखातून आपले आरमार घेऊन पश्चिमेस निघाला. मकरानच्या किनाऱ्यालगत एके पहाटे समुद्रातून पाण्याचे फवारे उंच उडताना दिसले. खलाशांनी वाटाड्यांस विचारले, तेव्हा हे देवमासे होत असे उत्तर मिळाले. ते ऐकताच भीतीने खलाशांच्या हातांतील वल्ही गळाली. निआर्कसने धीर दिला, जहाजे युद्धास उभी करावी तशी रांगेत लावली, आणि जवळ जाताच सर्वांनी एकदम रणगर्जना केली. तुताऱ्या फुंकल्या, वल्ह्यांनी पाणी झोडपले. बिचारे देवमासे त्या गलक्याने भेदरून खोल गेले आणि जहाजांच्या मागे जाऊन वर आले. खलाशांनी टाळ्या पिटल्या. एरियन या ग्रीक इतिहासकाराने हा प्रसंग लिहून ठेवला आहे. तो वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: भ्यालेल्या माणसांपेक्षा भ्यालेले देवमासे अधिक शहाणपणाने वागले. त्यांनी कोणास इजा केली नाही.

आपल्या वाङ्मयात या महाकाय जलचराचे नाव 'तिमिंगिल'. तिमी म्हणजे एक प्रचंड मासा; त्यालाही जो गिळतो तो तिमिंगिल. भारहूत येथील स्तूपाच्या कठड्यावर, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात कोरलेल्या एका वर्तुळाकार शिल्पात, माणसांनी भरलेली नौका एका अजस्र माशाच्या जबड्यात शिरताना दाखविली आहे. तिमिंगिलाच्या पोटातून वसुगुप्त सुटला, अशा अर्थाचा लेखही तेथे आहे. हा स्तूप कनिंगहॅमने १८७३ मध्ये शोधला आणि त्याचे अवशेष पुढे कलकत्त्याच्या संग्रहालयात नेण्यात आले. बौद्ध कथांतही हाच प्रसंग पुनःपुन्हा येतो. दर्यावर्दी व्यापाऱ्यांना क्षितिजावर एकाऐवजी तीन सूर्य दिसतात आणि एक पांढरा पर्वत दिसतो. तांडेल सांगतो की एक सूर्य खरा, दुसरे दोन हे माशाचे डोळे, आणि तो पर्वत म्हणजे त्याचे दात! व्यापारी बुद्धाचे नाव घेतात, ते नाव कानी पडताच मासा तोंड मिटतो आणि जहाज वाचते. 'दिव्यावदान' या ग्रंथात तर कथा त्यापुढे जाते. तोंड मिटलेला तो मासा उपाशी मरतो आणि पुढील जन्मी धर्मरुची नावाचा मनुष्य होतो. त्याची भूक काही केल्या भागत नाही. ज्याने भय घातले त्याच्याही भुकेची चौकशी करणारी ही कथा मला फार थोर वाटते.

आता कोणी म्हणेल, या कथांचा आणि खानदेशाचा संबंध काय? संबंध रस्त्याचा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या समुद्रमार्गाच्या टिपणात, पैठण आणि तेर येथील माल गाड्यांतून अवघड प्रदेश ओलांडून भडोचच्या बंदरात येतो, असे नमूद आहे. पैठण भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचे तो सांगतो. नकाशा उघडून पाहा. पैठणाहून भडोचकडे निघालेल्या माणसाला सातमाळ्याचे डोंगर उतरून तापीच्या खोऱ्यात यावे लागते. चाळीसगावच्या दक्षिणेस या डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत. तेथील स्तंभांवर दान देणाऱ्यांत पैठणच्या एका गंधिकाच्या, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या कुळाचे नाव कोरलेले आहे. अर्थात समुद्रापलीकडच्या मालाचा वास आमच्या डोंगरांस दोन हजार वर्षांपूर्वीच लागला होता.

जळगावपासून सुमारे साठ किलोमीटरवर अजिंठा. तेथील दुसऱ्या लेण्यात पूर्णावदानाचे चित्र आहे. पूर्ण हा शूर्पारकाचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा. त्याचा भाऊ चंदन आणण्यास समुद्रापार गेला आणि वादळात सापडला, ती ही कथा. चित्रातील तीन डोलकाठ्यांचे, शिडे उभारलेले जहाज नौकानयनाचे अभ्यासक आजही बारकाईने तपासतात. सतराव्या लेण्यात सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची कथा रंगविली आहे. त्याचे जहाज फुटते आणि तो राक्षसिणींच्या द्वीपास लागतो. ज्या चित्रकारांनी हे रंगविले त्यांच्या पायांखाली वाघूर नदी वाहत होती. समुद्र शेकडो कोस दूर होता. तरीही पावसाळ्यात लेण्यांत वसणाऱ्या भिक्षूंनी आणि मुक्कामास थांबणाऱ्या व्यापाऱ्यांनी त्या भिंतींपुढे उभे राहून समुद्राचे भय अनुभवले असेल. परदेशगमन ही खानदेशास अगदीच नवी गोष्ट आहे असे समजण्याचे कारण नाही.

ही चित्रे रंगविली गेली ते पाचवे शतक. त्याच शतकाच्या आरंभी फाहियान हा चिनी भिक्षू आपल्या देशात पायी हिंडत होता. इसवी सन ३९९ मध्ये तो चांगआनहून निघाला आणि वाळवंटे व हिमपर्वत तुडवीत भारतात आला. परतताना सिंहलद्वीपात दोन वर्षे राहून जहाजात बसला. त्या काळचा हा खरा पडशीवाला प्रवासी! त्याच्या पडशीत ग्रंथ आणि मूर्ती होत्या. वादळात जहाज गळू लागले तेव्हा त्याने आपली भांडीकुंडी समुद्रात टाकली, पण व्यापारी ग्रंथांनाही हात घालतील की काय याची त्याला धास्ती होती. रात्रीच्या काळोखात केवळ प्रचंड लाटा, त्यांची चकाकी आणि मोठमोठे जलचर दिसत, असे त्याने लिहिले आहे. भय होतेच, पण आता त्या भयाला पाहणारा एक डोळा होता आणि लिहिणारा एक हात होता.

भयाला ओलांडून गेलेला डोळा मात्र आपल्याला कालिदासात सापडतो. 'रघुवंशा'च्या तेराव्या सर्गात राम आणि सीता पुष्पक विमानातून लंकेहून अयोध्येस निघतात. खाली समुद्र पसरलेला आहे आणि राम सीतेला एकेक गोष्ट दाखवीत आहे. त्यात तो तिमी दाखवितो: हे मोठे मासे नदीच्या मुखाशी तोंड उघडून लहान जीवांसकट पाणी आत घेतात, मग तोंड मिटतात, आणि डोक्यावरच्या छिद्रांतून पाण्याच्या धारा वर उडवितात. श्रोतेहो, हे वर्णन किती अचूक आहे याचा विचार करा. आजचे प्राणिशास्त्र त्यात एवढीच दुरुस्ती करील की वर उडणारा तो फवारा म्हणजे प्राण्याचा उष्ण, दमट उच्छ्वास होय. तोंडात घेतलेले पाणी जबड्यातील झालरीसारख्या पट्ट्यांमधून गाळून बाहेर जाते आणि कोळंबीसारखे बारीक जीव आत राहतात. बाकी तोंड उघडणे, घोट घेणे, तोंड मिटणे, डोक्यावरची छिद्रे, सारे जागच्या जागी आहे. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी की येथे कोणी भीत नाही, कोणी तुतारी फुंकीत नाही, कोणी भाला उगारीत नाही. चौदा वर्षांचा वनवास आणि एक दारुण युद्ध संपवून घरी निघालेला पती आपल्या पत्नीला सांगतो, "हे पाहा!" देवमासा केवळ पाहण्यासाठी पाहावा, ही कल्पना त्या एका श्लोकात पूर्णपणे उतरली आहे.

परंतु कवीने जे पाहिले ते जगाने पाहावयास पुढे पंधराशे वर्षे लागली, आणि त्या अवधीत लोभाचा अध्याय घडला. युरोपात बास्क लोकांनी अकराव्या शतकाच्या सुमारास देवमाशांची व्यापारी शिकार सुरू केली. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेतील नँटकेट आणि न्यू बेडफर्ड ही बंदरे या धंद्यावर श्रीमंत झाली. देवमाशाच्या चरबीचे तेल दिव्यांत जळे, यंत्रांत पडे, साबणात जाई. १८५९ मध्ये अमेरिकेत टायटसव्हिल येथे ड्रेकने खनिज तेलाची विहीर खोदली. आता दिव्यासाठी दुसरे तेल मिळाले, म्हणून देवमासा सुटला असे वाटेल. झाले उलटेच. नॉर्वेच्या स्वेन फॉइनने त्यानंतरच्या काही वर्षांत स्फोटक भाल्याची तोफ सिद्ध केली, वाफेची जहाजे आली, आणि पूर्वी वेगामुळे हाती न लागणारा निळा देवमासाही माऱ्याच्या टप्प्यात आला. पुढे समुद्रावरच तरंगणारे कारखाने निघाले. १९३०-३१ च्या एकाच हंगामात अंटार्क्टिकाभोवती २९ हजारांहून अधिक निळे देवमासे मारले गेले. विसाव्या शतकात सर्व जातींचे मिळून सुमारे २९ लाख देवमासे मनुष्याने मारले, असा संशोधकांचा हिशेब आहे. कथेतल्या तिमिंगिलाने एक नौका गिळू पाहिली होती. येथे नौकांनी तिमिंगिलांचे कुळ गिळले. धर्मरुचीची न भागणारी भूक आता कोणाच्या पोटी जन्मली होती, हे सांगावयास नकोच.

१९४६ मध्ये वॉशिंग्टन येथे देवमासे पकडण्यावर नियंत्रण घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याचा हेतूही धंदा शिस्तीने चालावा हाच होता. दयेचा त्यात भाग थोडा. मन पालटले ते दोन वेगळ्या मार्गांनी. पहिला मार्ग डोळ्यांचा. १९५० मध्ये अमेरिकेतील सॅन डिएगो येथे समुद्रालगतच्या एका टेकडीवर, काब्रियो स्मारकाच्या आवारात, अलास्काकडून मेक्सिकोकडे जाणारे करडे देवमासे पाहण्यासाठी लोकांस जागा करून देण्यात आली. पहिल्याच वर्षी सुमारे दहा हजार माणसे आली. १९५५ मध्ये तेथेच एका कोळ्याने एक डॉलर घेऊन लोकांना नावेतून देवमासे दाखविण्यास आरंभ केला. दुसरा मार्ग कानांचा. कुबड असलेल्या जातीचे नर देवमासे पाण्याखाली दीर्घकाळ गातात. रॉजर पेन याने १९७० मध्ये त्या गाण्याची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली आणि घरोघर ती ऐकली गेली. आकाशवाणीच्या श्रोत्यांस हे वेगळे सांगावयास नको की ज्याचा आवाज आपण ऐकला त्याला परका म्हणणे कठीण जाते. १९७९ मध्ये हिंदी महासागर देवमाशांचे अभयक्षेत्र ठरला. १९८१ मध्ये भारत आंतरराष्ट्रीय आयोगात सामील झाला, आणि १९८२ मध्ये व्यापारी शिकार थांबविण्याचा निर्णय झाला. तो पुढे १९८५-८६ च्या हंगामापासून अमलात आला. काही राष्ट्रांनी तो मानला नाही, तरी कत्तलीचा महापूर ओसरला.

या पालटाचे एक गाव साक्षीदार आहे. न्यूझीलंडच्या कैकौरा येथे १८४०-५० च्या दशकात देवमासे मारणाऱ्यांचे ठाणे उभे राहिले. त्याच गावात १९८७ मध्ये काही माओरी कुटुंबांनी आपली घरे गहाण टाकून कर्ज काढले, एक लहान नाव घेतली आणि लोकांना देवमासे दाखविण्याचा व्यवसाय सुरू केला. धंदे बुडाल्याने बेकार झालेले ते गाव त्यावर पुन्हा उभे राहिले. २००८ साली जगातील ११९ देश-प्रदेशांत मिळून सुमारे एक कोटी तीस लक्ष लोकांनी देवमासे पाहिले, अशी मोजदाद झालेली आहे. मेलेल्या देवमाशाहून जिवंत देवमासा अधिक मोलाचा, ही गोष्ट अशा रीतीने बाजारालाही पटली.

मात्र बाजाराला पटलेली गोष्ट नेहमीच सुरक्षित असते असे नाही. श्रीलंकेच्या दक्षिणेस मिरिस्सा हे लहानसे गाव आहे. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत तेथून निळे देवमासे दिसतात, आणि आपल्याकडील तरुणांना परदेशातील हे ठिकाण सर्वांत जवळचे व परवडणारे. रामाने सीतेला तिमी दाखविले तो समुद्र याच बेटाभोवतीचा, हे मनात आणून तेथे गेल्यास प्रवासाचा अर्थ दुप्पट होतो. परंतु एकच देवमासा दिसताच चारी बाजूंनी नावा त्याच्यावर धावून जातात, असे तेथे वारंवार घडत आले आहे. देवमाशापासून सुमारे शंभर मीटर दूर राहावे असा नियम आहे. तो पाळण्याचा धीर नावाड्याला कमी आणि प्रवाशाला त्याहून कमी. शिवाय पूर्व-पश्चिम जाणाऱ्या प्रचंड मालवाहू जहाजांचा मार्ग तेथूनच जातो, आणि त्यांच्या धडकेने देवमासे मरतात. २०२२ मध्ये एका मोठ्या जहाज कंपनीने आपली जहाजे आणखी दक्षिणेकडून नेण्यास आरंभ केला, हे शुभचिन्ह होय. निआर्कसच्या तुताऱ्या आणि आजच्या यंत्रांची घरघर यांत देवमाशाच्या दृष्टीने फारसा फरक नाही. आपण पाहावयास गेलो आणि तो आपल्या भयाने खोल गेला, तर आपण भयाच्या अवस्थेकडेच परत गेलो. फक्त भिणारा बदलला. आणि छायाचित्र मिळाले नाही म्हणून नावाड्याशी भांडलो, तर तो लोभच, मग हातात भाला असो वा नसो.

आता आपल्या स्वतःच्या समुद्राची गोष्ट सांगून पुरे करतो. कुबड असलेल्या जातीचे बहुतेक देवमासे दर वर्षी उष्ण समुद्रांतून ध्रुवांकडे जातात आणि परततात. अरबी समुद्रातले तेवढे जात नाहीत. ते सुमारे ७० हजार वर्षे आपल्या जातभाईंपासून वेगळे राहिले आहेत असे आनुवंशिक अभ्यासावरून दिसते. नोव्हेंबर १९६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारत यांच्याजवळच्या पाण्यात यांपैकी सुमारे २४० देवमासे मारले, आणि ती गोष्ट जगापासून कित्येक वर्षे लपविली. ओमानच्या किनाऱ्यावरील त्यांची संख्या आता शंभराच्या आत असावी, असा अंदाज आहे. त्यांतील एका मादीला शास्त्रज्ञांनी 'लुबान' हे नाव दिले आणि तिच्या अंगावर उपग्रहाला संदेश देणारे यंत्र बसविले. २०१७ च्या डिसेंबरात ती ओमानहून निघाली, अरबी समुद्र ओलांडून आपल्या पश्चिम किनाऱ्याशी आली आणि दक्षिणेस कन्याकुमारीकडे गेली. पुढे आल्या दिशेने परतली. लुबान या अरबी शब्दाचा अर्थ धूप. 'पेरिप्लस'चा लेखक सांगतो की भडोचहून गेलेली जहाजे त्याच अरबी किनाऱ्यावर हिवाळा काढीत आणि कापड, धान्य, तेल देऊन त्याबदली धूप भरून आणीत. पितळखोऱ्याच्या गंधिकाकडे जो माल येई, त्याच मालाचे नाव धारण करणारी ही मादी त्याच समुद्रातून आपल्या किनाऱ्याकडे आली. तिच्या येण्याची खबर कोणाला नव्हती आणि कोणी तिकीट काढून उभे नव्हते. निळा देवमासाही आपल्याकडे अधूनमधून प्रकट होतो. २०१५ मध्ये सिंधुदुर्गाच्या समुद्रात तो जिवंत दिसला आणि त्याच वर्षी रेवदंड्यास एक वाळूत येऊन मेला. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्यास एक पिल्लू किनाऱ्यास लागले, तेव्हा कोळी, गावकरी आणि सरकारी कर्मचारी ते पाण्यात लोटण्यासाठी रात्रंदिवस खपले. ते जगले नाही. पण ज्या जिवाचे मांस नको, तेल नको, त्याच्यासाठी सामान्य माणसे कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली, ही घटना मला इतिहासात नोंदविण्यासारखी वाटते.

तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांस माझे सांगणे इतकेच की मुलांना जाऊ द्या. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या डोंगरांतून माल घेऊन समुद्राकडे गेलेल्या माणसांचीच ही वाट आहे. पडशीची पिशवी झाली, एवढेच. आणि मुलांना सांगणे असे की निघण्यापूर्वी एक दिवस अजिंठ्यास जा, दुसऱ्या आणि सतराव्या लेण्यातील जहाजांपुढे थोडे थांबा, म्हणजे पूर्वी समुद्र ओलांडणे काय होते हे कळेल. समुद्रावर गेल्यावर नावाड्यास अंतर राखावयास सांगा, यंत्र बंद करावयास सांगा आणि गप्प बसा. देवमासा न दिसल्यास खट्टू होऊ नका. त्याने आपल्यापुढे येण्याचा करार कोणाशी केलेला नाही. दिसला, तर दूर पाण्यावर उठलेला तो एक श्वास पुरेसा समजा. जो प्राणी श्वास घेण्यासाठी वर आला, त्याला तो सुखाने घेऊ देणे, इतके सौजन्य आपल्याजवळ असले म्हणजे झाले.